‘खोलीत कोंडा, दारू सुटते’ या मेसेजबद्दल खुलासा

मंडळी, खानापूर-निपाणीकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, पिणाऱ्याला तीन दिवस कोंडा, लिंबूपाणी द्या, दारू कायमची सुटते. असं नाही हो, उलट जिवावर बेतू शकतं. मी नर्स आहे, वॉर्डात हे बघते. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि साधारण २ ते ४ दिवसांत काहींना भ्रम होतो, म्हणजे चहाची बशी धरवत नाही इतके हात थरथरतात, घामाने अंथरूण भिजतं, भिंतीवरचे नसलेले किडे झटकत बसतो माणूस, घरचे म्हणतात बाहेरचं लागलंय (घाबरलेलं घर, काय करणार), पण त्या वेळी दवाखानाच लागतो. तिथं गोळ्या देऊन डोस हळूहळू कमी करतात, बी-१ व्हिटॅमिन देतात. शरीर सावरलं तरी ओढ राहते, म्हणून पुढं समुपदेशन आणि औषधं बरेच महिने चालतात.

धारवाडच्या डिमहान्समध्ये (मानसिक आजारांचा सरकारी दवाखाना) उपचार होतात, फोनवर विचारायचं तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, नंबर १४४१६, फुकट आहे. तो मेसेज कुणी टाकला तर भांडू नका, फक्त पुढं पाठवू नका आणि खाली हे चिकटवा.