दहा दिवस विपश्यना, मग गोळ्या कचऱ्यात?

व्हॉट्सॲपवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. फोटो बदलतात, दावे तेच: दहा दिवसांच्या विपश्यना ध्यान-शिबिराने डिप्रेशन मुळापासून जातं, मग गोळ्या नकोत नि काउन्सेलरही नको, हे विज्ञानाने सिद्ध झालंय, ध्यानाला साइड इफेक्ट नसतात, आणि मानसशास्त्र जे सांगतं ते सगळं बुद्धाने आधीच सांगून ठेवलंय. ध्यानाबद्दल आस्था असलेली माणसंच हे पुढे ढकलतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आधी गोळ्यांचं, कारण जिवाशी खेळ तिथे आहे. विपश्यना शिकवणारे सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतल्या केंद्रांची नियमावली एकदा वाचा. विपश्यना हा वैद्यकीय किंवा मानसोपचारांना पर्याय नाही, गंभीर मानसिक आजार असलेल्यांना ती सुचवली जात नाही, असं त्यात साफ लिहिलंय. प्रवेश अर्जात आजार आणि चालू औषधं विचारतात. म्हणजे केंद्र जे म्हणत नाही, तेच केंद्राच्या नावावर खपवलं जातंय! सत्यनारायण गोएंकांची स्वतःची गोष्टही याच्या उलटच आहे. मायग्रेनसाठी मॉर्फिन घ्यावं लागणारे हे व्यापारी बर्मामध्ये सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तेव्हा गुरूंनी आधी नकारच दिला. नुसतं दुखणं घालवायला येणार असाल तर हा धम्म त्यासाठी नाही, असा त्याचा रोख होता.

शिबिराचा दिनक्रमही बघा. पहाटे चारला घंटा, रात्री साडेनऊला दिवे बंद, दिवसाला दहा तासांच्या आसपास बैठक, मौन, फोन जमा. धडधाकट माणूस कुरकुरत का होईना, निभावून नेतो. पण बायपोलर (मनःस्थितीचे टोकाचे चढउतार होणारा आजार) असलेल्याची झोप मोडली की मॅनिया, म्हणजे बेभान उत्साहाचा टप्पा, उसळू शकतो. त्यात फॉरवर्ड वाचून त्याने लिथियम हे त्यावरचं औषध बंद केलेलं असेल, तर पाचव्या-सहाव्या दिवशी काय होईल याचा विचार तो मजकूर लिहिणाऱ्याने केलेला नसतो. डिप्रेशनच्या गोळ्यासुद्धा एकदम थांबवल्या तर चक्कर, मळमळ, डोक्यात झटके बसल्यासारखं वाटणं असे त्रास होऊ शकतात. त्या डॉक्टरच्या नजरेखाली, हळूहळूच कमी करायच्या असतात.

‘विज्ञानाने सिद्ध’ म्हणजे नेमकं काय सिद्ध झालं? गाजलेल्या अभ्यासांपैकी बहुतेक दहा दिवसांच्या शिबिराचे नाहीतच. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत ध्यानाचा आठ आठवड्यांचा कार्यक्रम बसवला, तोही जुनाट दुखण्याच्या रुग्णांपासून सुरू झाला. पुढे सीगल, विल्यम्स आणि टीसडेल यांनी त्याला संज्ञानात्मक उपचारपद्धती (विचारांच्या सवयींवर काम करणारी) जोडून नवा उपचार घडवला. तो मुख्यतः डिप्रेशनमधून बाहेर आलेल्यांसाठी, पुन्हा घसरू नये म्हणून. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याची मोठी चाचणी आली. ४२४ रुग्ण, दोन वर्षं. ध्यानगटात ४४ टक्क्यांना आजार पुन्हा झाला, गोळ्या चालू ठेवलेल्या गटात ४७ टक्क्यांना. हे छोटं यश नाही. पण ध्यानगटाच्या गोळ्याही डॉक्टरांच्या मदतीने उतरवल्या होत्या, आणि ४४ टक्क्यांना आजार परत होणं याला ‘मुळापासून’ म्हणत नाहीत.

२०२२ चा चिंताविकारांवरचा अभ्यासही हल्ली मिरवला जातो: २७६ जण, आठ आठवडे ध्यान किंवा एस्सिटॅलोप्रॅम ही गोळी, फरक जवळपास सारखाच. खरं आहे. मात्र बायपोलर आणि सायकोसिसचे (वास्तवाचं भान सुटणाऱ्या आजाराचे) रुग्ण त्यात घेतलेच नव्हते. २०१४ मध्ये ध्यानाच्या ४७ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा चिंता आणि नैराश्यावर थोडा ते मध्यम फायदा दिसला. औषधं किंवा व्यायामापेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा मात्र मिळाला नाही.

साइड इफेक्ट नसतात, हे तर परंपरेलाच मान्य नाही. २०२० च्या एका आढाव्यात ८३ अभ्यासांतून सुमारे ८ टक्के लोकांत चिंता, नैराश्य यांसारखे अनिष्ट परिणाम आढळले. मानसोपचारांतही प्रमाण साधारण असंच असतं, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण विनयपिटकातला, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातला, वैशालीचा प्रसंग आठवा. शरीराच्या अशुभाचं (किळसवाण्या बाजूचं) ध्यान शिकवून बुद्ध पंधरवडाभर एकांतात गेले. परतले तर संघ विरळ झालेला: देहाची इतकी किळस आली की अनेक भिक्खूंनी जीव दिला होता. बुद्धांनी त्यांनाच दोष देऊन विषय संपवला नाही, उरलेल्यांना बोलावून आनापानसती, म्हणजे श्वासावरचं ध्यान, शिकवली. कुणाला कोणतं ध्यान सोसेल, हा प्रश्न पुढे विसुद्धिमग्ग या ध्यानावरच्या पाली ग्रंथानेही माणसाच्या स्वभावानुसार हाताळला.

त्याच विनयात औषधांवर स्वतंत्र खंधक (प्रकरण) आहे, आणि बुद्धांवर उपचार करणारा वैद्य जीवकही आहे. गग्ग नावाचा भिक्खू वेडसर झाला, उपोसथाला (संघाच्या पंधरवड्याच्या सभेला) यायचं कधी आठवायचं, कधी नाही. संघाने रीतसर ठराव करून त्याला मोकळीक दिली. तो आला नाही तरी त्याला दोष नाही, संघालाही नाही. साधना कमी पडली म्हणून असं झालं, हा टोमणा त्या प्रसंगात कुठेच नाही. आपल्याकडे तो नातेवाईक सर्रास मारतात.

मानसशास्त्र सगळं उसनं आहे, या दाव्यावर फार शाई नको. मनाचं बारीक निरीक्षण बौद्ध ग्रंथांत अफाट आहे. पण लिथियमची मात्रा रक्ततपासणीवर ठरते, हे काही अभिधम्मात, म्हणजे बौद्धांच्या मनाच्या विश्लेषणाच्या ग्रंथांत, सापडत नाही.

शिबिराला जायचंच असेल तर अर्जात गोळीचं नाव लपवू नका. नकार येईल म्हणून लपवणारे असतात, आणि मग चौथ्या दिवशी त्रास झाला तर आचार्यांच्या हाती काहीच माहिती नसते. आधी आपल्या मानसोपचारतज्ज्ञांना विचारा. तज्ज्ञ जवळपास नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.