‘सोलरमध्ये संशोधन कसलं?’ या मेसेजला उत्तर

मराठवाड्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच राहतात. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: ‘आपल्याकडे ऊन भरपूर, म्हणून वीजही भरपूर. पॅनल तयार मिळतात, बसवले की झालं. यात संशोधन करण्यासारखं काही उरलेलं नाही. असलंच तर ते आयआयटीवाले करतील. आपल्या कॉलेजांचं संशोधन कपाटात जातं आणि आपल्या कारखान्यांना त्याची गरजही नाही. तेव्हा विद्यापीठ आणि उद्योगांच्या सहकार्यावर पैसा घालवण्यापेक्षा तेवढ्याचे पॅनल घ्या. पवनचक्क्या मात्र नकोत, त्या पाऊस पळवतात.’

हा मेसेज पुढे पाठवणाऱ्यांत सरपंच आहेत, संस्थाचालक आहेत, एमआयडीसीतले लघुउद्योजकही आहेत. कशावर खर्च करायचा आणि कशावर नाही, हे ठरवणारीच ही माणसं. म्हणून एकेक मुद्दा घेऊन सविस्तर लिहितोय.

‘ऊन जास्त म्हणजे वीज जास्त’

पॅनलला प्रकाश हवा असतो, उष्णता त्याला मारक ठरते. पॅनलवर ५४० वॉट छापलेलं असतं ते प्रयोगशाळेतलं माप आहे: दर चौरस मीटरला १००० वॉट प्रकाश आणि सेलचं तापमान २५ अंश. सेल एका अंशाने तापला की सध्याच्या प्रचलित सिलिकॉन पॅनलची क्षमता साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी उतरते. मे महिन्यात परभणीत बाहेर ४२-४३ अंश असताना, पत्र्याला लागून बसवलेल्या पॅनलचे सेल ६५ अंशांपर्यंत सहज जातात. म्हणजे छापील मापापेक्षा ४० अंश जास्त. ०.३५ ने गुणलं तर १४ टक्के घट. ५४० चे ४६४ उरले. यात धूळ अजून धरलेली नाही.

पत्रा आणि पॅनल यांच्यात मोकळी जागा सोडली तर खालून हवा खेळते आणि पॅनल थंड राहतो. पण तीच जागा वाढवली की वळवाच्या वादळात वारा खाली शिरून सगळा सांगाडा उचलू पाहतो. किती जागा, किती कोन, कोणती पकड, हे आपला वारा आणि आपला पत्रा मोजूनच ठरवावं लागेल. बाहेरच्या कॅटलॉगात हे उत्तर मिळत नाही.

धुण्याचंही तसंच. १ मेगावॉटला ५४० वॉटचे साधारण १८५० पॅनल लागतात. पॅनलला दोन लिटर धरले तरी एका धुण्याला ३७०० लिटर पाणी. बोअरच्या क्षाराच्या पाण्याने धुतलं तर काचेवर पांढरा थर चढतो. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. तिथे ‘दर आठवड्याला धुवा’ असं पुस्तकी वेळापत्रक कुणी पाळायचं? किती दिवसांनी धुतलं तर वाचलेली वीज खर्चलेल्या पाण्याच्या मोलाची ठरते, हा लातूरचा प्रश्न लातूरमध्येच मोजावा लागेल.

तरीही पाण्याच्या हिशोबात सौर पुढे आहे. कोळशाच्या जुन्या केंद्रांना २०१५ च्या केंद्रीय अधिसूचनेने घालून दिलेली मर्यादाच युनिटमागे ३.५ लिटर आहे. १ मेगावॉट सौर प्रकल्प दिवसाला अंदाजे ४ हजार युनिट देतो. तेवढ्याच विजेला कोळशाच्या केंद्रात रोज १४ हजार लिटर लागतील. परळीचं औष्णिक केंद्र २०१३ मध्ये पाण्यावाचून बंद पडलं होतं, हे बीडकरांना वेगळं सांगायला नको.

‘पॅनल बसवले की झालं’

मेसेजमधला सगळ्यात घातक दावा हाच आहे.

शेतीच्या फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून शेतांना वीज नेणाऱ्या लाईनवर, काय होतं ते पाहू. थ्री फेज लाईट ठरलेल्या तासांपुरती येते. ती कधी येईल याची वाट पाहत कोण बसणार, म्हणून शेतकरी स्टार्टरला ऑटोस्विच लावतो. लाईट आली रे आली की त्या डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू होतात. मोटार उठताना तिच्या नेहमीच्या करंटच्या पाच-सहा पट करंट ओढते. १०० केव्हीएच्या डीपीवर पाच एचपीच्या वीस मोटारी असतील तर चालू असताना ती जेमतेम पेलते. एकदम उठताना मागणी पाचशे केव्हीएच्या घरात जाते, विजेचा दाब (व्होल्टेज) कोसळतो, मोटारी नीट उठत नाहीत आणि तो जादा करंट ओढतच राहतात. फ्यूज उडतो, नाहीतर डीपी जळते. मग ट्रॅक्टरमधून डीपी न्या, नंबर लागायची वाट पाहा, आणि इकडे हरभरा वाळतो. महावितरण अनेक वर्षं ‘ऑटोस्विच काढा, कपॅसिटर लावा’ असं आवाहन करतंय. शेतकरी ऐकत नाही, कारण रात्री दोनला विहिरीवर जायची पाळी त्याची असते. त्याचं काही चुकत नाही.

यावर एक साधा उपाय सुचतो. स्टार्टरमध्ये असं सर्किट बसवायचं की लाईट आल्यावर प्रत्येक मोटार वेगवेगळ्या वेळेने उठेल. कुणी अर्ध्या मिनिटाने, कुणी चार मिनिटांनी. दाब पडलेला असेल तर थांबेल. डिप्लोमाच्या विद्यार्थ्याला जमेल इतकं हे सोपं आहे, आणि असे प्रकल्प दरवर्षी बनतातही. पण मोटारींच्या गर्दीत तो टिकतो का, पालीने आणि ओलीने स्टार्टरच्या पेटीची काय दशा होते, शेतकरी तो तारेने बायपास करतो का, हे प्रयोगशाळेत कळत नाही. त्यासाठी एक खरा फीडर लागतो, पेट्या बनवणारा कारखाना लागतो, उपकेंद्रातल्या नोंदी लागतात आणि डीपीवर रोज चढणाऱ्या वायरमनचं शहाणपण लागतं. विद्यापीठ आणि उद्योग यांचं सहकार्य म्हणतात ते माझ्या लेखी हे आहे. सभागृहात शाल-नारळ देऊन झालेल्या सामंजस्य कराराने यातलं काही होत नाही.

आता यात सौर आलं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प २०२४ मध्ये आपल्याच वैजापूर तालुक्यात, धोंदलगावला सुरू झाला. क्षमता ३ मेगावॉट. दिवसा वीज ही शेतकऱ्यांची जुनी मागणी होती आणि ती अशा प्रकल्पांतून पुरी होतेय, हे फार मोठं काम आहे. पण फीडर दिवसा चालू लागला म्हणून डीपीवरची गर्दी हटत नाही. उलट नवे प्रश्न येतात. ढग आला की निर्मिती काही मिनिटांत खाली येते, मोटारी तितक्याच चालू असतात. रब्बीत सगळ्यांना एकदम पाणी हवं असतं, तर पावसाळ्यात मोटारी बंद आणि प्रकल्प चालू. स्वतंत्र सौर कृषिपंपाचंही तेच: बोअर आटला की पॅनल उन्हात नुसते तापत उभे राहतात. केंद्राच्या कुसुम योजनेत असा कंट्रोलर घ्यायची सोय आहे की त्याच पॅनलवर कडबाकुट्टी, गिरणी चालवता येईल. कोणत्या गावात काय चालवणं परवडेल, हे शोधायला कुणी दिल्लीहून येणार नाही.

‘ते आयआयटीचं काम’

डेन्मार्कची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. १९७० च्या दशकात पवनचक्क्यांवर अमेरिका आणि जर्मनी अवकाशयानांच्या तोडीचं तंत्रज्ञान लावत होते. जर्मनीची अवाढव्य ‘ग्रोविआन’ सतत बिघडत राहिली आणि काही वर्षांतच मोडीत काढावी लागली. डेन्मार्कमध्ये सुतार, लोहार, शेतीची अवजारं बनवणारे कारखानदार छोट्या पवनचक्क्या बनवत होते. सरकारने १९७८ मध्ये रीसो इथे एक चाचणी केंद्र काढलं आणि पुढच्या वर्षी नियम केला की या केंद्राने पास केलेल्या चक्कीलाच अनुदान. कारखानदार चक्की घेऊन यायचे, अभियंते काय मोडलं ते दाखवायचे, कारखानदार दुरुस्त करून परत आणायचे. १८९८ मध्ये लेम नावाच्या गावात लोहाराच्या भट्टीपासून सुरू झालेली वेस्टास आज जगातल्या सर्वात मोठ्या पवनचक्की कंपन्यांत आहे.

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज-चिकलठाण्यात पत्रा दाबणारे, डाय बनवणारे, वायर हार्नेस जोडणारे शेकडो वर्कशॉप आहेत. इंडो-जर्मन टूल रूम आहे, ऑटो क्लस्टर आहे. नांदेडला विष्णुपुरीत १९८१ पासून श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्था आहे, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चं, परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ चं. परभणीने बैलांच्या शक्तीवर, बैलचलित अवजारांवर वर्षानुवर्षं संशोधन केलं आहे. ऊर्जा म्हणजे फक्त वीज नाही, हे त्या विद्यापीठाला कधीच उमगलेलं होतं.

आणि आपल्या भागातलंच उदाहरण हवं असेल तर एस४एस टेक्नॉलॉजीज. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे आयसीटीत शिकलेल्या तरुणांनी उन्हावर चालणारं वाळवणयंत्र बनवलं, आणि छत्रपती संभाजीनगर परिसरातल्या बायका त्यावर कांदा, टोमॅटो, आलं वाळवून विकतात. २०२३ मध्ये या कंपनीला पर्यावरणाच्या कामासाठी दिला जाणारा आंतरराष्ट्रीय अर्थशॉट पुरस्कार मिळाला. त्याच आयसीटीचं आवार २०१८ पासून जालन्यात आहे.

‘कॉलेजांचं संशोधन कपाटात जातं’

हा मुद्दा बऱ्याच अंशी खरा आहे. पीएचडीचे विषय बाहेरच्या जर्नलकडे बघून ठरतात, शेवटच्या वर्षाचे प्रकल्प विकत मिळतात, आणि बढतीच्या गुणांत शोधनिबंध मोजले जातात, डीपी वाचली का ते मोजलं जात नाही. पण यावरून ‘संशोधन नको’ हा निष्कर्ष निघत नाही. ते कपाटाबाहेर यावं म्हणून उद्योग आणि गाव त्यात पहिल्या दिवसापासून हवेत, एवढाच निघतो.

सहकार्य होऊनही अपयश येतं, तेही बघितलं पाहिजे. २००० च्या दशकात बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि बीपी ही तेल कंपनी यांनी मिळून ‘ऊर्जा’ नावाची चूल काढली. शेतीतल्या काडीकचऱ्याच्या दाबलेल्या कांड्यांवर ती चाले, धूर अगदी कमी. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवमध्ये काम उभं केलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या महिलांनी ती गावोगाव विकली. चूल उत्तम होती. पण कांड्यांचा कच्चा माल महागला, कांड्या महागल्या आणि घराघरांतल्या चुली बंद पडत गेल्या. संशोधन चुलीवर झालं होतं; काडीकचरा कुठून, किती भावाने, किती ओला येणार यावर तेवढं झालं नव्हतं. आज पऱ्हाट्यांच्या आणि तुराट्यांच्या कांड्या करून औष्णिक केंद्रात कोळशाबरोबर जाळायचं धोरण आहे. पऱ्हाटी हलकी, पसरट, ट्रॉली भरते पण वजन भरत नाही. तोडणी, कुट्टी, वाहतूक यांचा हिशोब आधी झाला नाही तर तीच गत होईल. बगॅसपासून (उसाच्या चिपाडापासून) वीज होते म्हणून या कोरड्या भागात आणखी ऊस लावा, असं म्हणणाऱ्यांशी मात्र मी अजिबात सहमत नाही.

‘कारखान्यांना गरज नाही’

जालन्याच्या स्टील कारखानदाराला विचारा. इंडक्शन भट्टीत विजेचं बिल हा सर्वात मोठ्या खर्चांपैकी एक असतो. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनुसार उन्हाच्या तासांत वीज नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के स्वस्त आणि गर्दीच्या तासांत महाग ठेवायची आहे. २०२२ पासून हरित ऊर्जा थेट विकत घेण्यासाठी लागणाऱ्या वीजभाराची किमान मर्यादा १ मेगावॉटवरून १०० किलोवॉटवर आली, म्हणजे लातूरची मध्यम डाळमिलही त्यात बसू शकते. भट्टीचे किती हीट (वितळवण्याच्या फेऱ्या) दिवसा सरकवता येतील, डाळ वाळवायला गच्चीवरचं ऊन वापरावं की वाळवणयंत्र, बॅटरी कधी परवडेल, हे प्रत्येक कारखान्याचं वेगळं गणित आहे. ते सोडवायला विद्यार्थी आणि प्राध्यापकच लागतील, कारण सल्लागार कंपन्या एवढ्या लहान गिऱ्हाइकाकडे फिरकत नाहीत.

‘पवनचक्क्या पाऊस पळवतात’

नाही. पात्याचं टोक फार तर दोन-सव्वादोनशे मीटरवर पोचतं. पाऊस देणारे ढग त्याच्या वर काही किलोमीटर चढलेले असतात. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात वीज बनवणारी एकही पवनचक्की नव्हती. जमिनीचे करार, मोडलेले रस्ते, पिकांची भरपाई या पवनचक्क्यांबद्दलच्या खऱ्या तक्रारी आहेत. त्यासाठी जरूर भांडावं.

‘त्या पैशात पॅनल घ्या’

पॅनलसाठी सरकारी पैसा वेगळा आहेच. घराच्या छतावर ३ किलोवॉटला सूर्यघर योजनेतून ७८ हजार मिळतात. संशोधनाचा पैसा त्यातून कापला जात नाही. शिवाय २०१९ पासून कंपन्यांना आपला सीएसआर निधी, म्हणजे सामाजिक कामांवर खर्चायचा पैसा, सार्वजनिक विद्यापीठांतल्या विज्ञान-तंत्रज्ञान संशोधनाला देता येतो. एमआयडीसीतल्या ज्या कंपन्या दरवर्षी हा निधी खर्च करतात, त्यांनी एक वर्ष तरी तो जवळच्या शासकीय कॉलेजच्या चाचणी केंद्राला द्यावा: पंप कंट्रोलर, स्टार्टर, इन्व्हर्टर आपल्या उन्हात आणि आपल्या दाबावर तपासणारं एक रीसो.

आणि पहिल्या पायरीला तर पैसाही लागत नाही. उपकेंद्रात प्रत्येक फीडरच्या भाराची दर तासाची नोंद ऑपरेटर लिहितो. ती नोंद कॉलेजांना वापरायला द्यावी, असं पत्र एखादं अभियांत्रिकी महाविद्यालय आणि तिथल्या उद्योजकांची संघटना यांनी एकत्र सहीने महावितरणला द्यावं. रब्बीच्या आधी दिलं तर याच हंगामात एका फीडरवर वेगवेगळ्या वेळेने उठणारे स्टार्टर लावून बघता येतील.