‘निमूट कष्ट करणारे आशियाई’ : एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

अमेरिकेतील आशियाई लोकांविषयीचा एक मजकूर मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांवर पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा आशय असा, की चिनी, जपानी आणि भारतीय माणसे तिथे रिकाम्या हातांनी गेली, त्यांनी कधी तक्रार केली नाही की मोर्चे काढले नाहीत, आणि मुलांना शिकवून केवळ संस्कारांच्या बळावर ती वर आली; तेव्हा ‘शांत आणि कष्टाळू’ ही त्यांची ख्याती म्हणजे निव्वळ कौतुक आहे, तिने कोणाचे नुकसान होत नाही, उलट कृष्णवर्णीयांनी त्यांच्यापासून धडा घ्यावा. पाठवणाऱ्यांच्या मनात अभिमान असतो, हे मी समजू शकतो. परंतु या मजकुराने आपल्याच माणसांचा लढा पुसला जातो, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

‘त्यांनी कधी तक्रार केली नाही’ हे विधान सर्वांत खोटे आहे. सिएरा नेवाडा पर्वतात रेल्वेमार्गासाठी बोगदे खोदणाऱ्या हजारो चिनी मजुरांनी जून १८६७ मध्ये गोऱ्या मजुरांइतके वेतन आणि कामाचे कमी तास मागत संप केला होता. कंपनीने त्यांची अन्नाची रसद तोडली, तेव्हा तो मोडला. सॅन फ्रान्सिस्कोत धोबीखान्यांचे परवाने चिन्यांना नाकारून इतरांना दिले जात होते, त्याविरुद्ध यिक वो हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १८८६ साली जिंकला गेला. प्रत्येक चिनी मजुराने रहिवासाचा दाखला जवळ बाळगावा, अशी सक्ती १८९२ च्या कायद्याने केली, तेव्हा हजारोंनी नोंदणीच नाकारली. अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेला तो तिथला नागरिक, हा सिद्धान्त १८९८ साली ज्याच्या खटल्यात निश्चित झाला, तो वाँग किम आर्क चिनी आईबापांचा मुलगा होता. कॅलिफोर्नियातील डेलानो येथे द्राक्षमळ्यांतील प्रसिद्ध संप सप्टेंबर १९६५ मध्ये सुरू केला, तोही लॅरी इटलियाँग यांच्या नेतृत्वाखालील फिलिपिनो शेतमजुरांनी.

भारतीयही गप्प बसले नव्हते. ४ सप्टेंबर १९०७ रोजी वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम गावात लाकूड गिरण्यांत राबणाऱ्या भारतीय मजुरांवर शेकडो गोऱ्यांच्या जमावाने हल्ला केला आणि त्यांना गावाबाहेर हुसकावले. पुढे १९१३ साली पॅसिफिक किनाऱ्यावर गदर पक्ष उभा राहिला, त्यामागे इंग्रजी सत्तेविरुद्धच्या रागाइतकाच या अपमानांचाही अनुभव होता. आणि त्या पक्षात पंजाबी मजुरांच्या बरोबरीने वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे आणि तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे होते. भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ साली भारतीय माणूस ‘गोरा’ नसल्यामुळे नागरिक होऊ शकत नाही असा निकाल दिला आणि त्यानंतर ज्यांना नागरिकत्व मिळाले होते त्यांचेही काढून घेण्यास सरकारने सुरुवात केली. वकील सखाराम गणेश पंडित यांनी स्वतःचे नागरिकत्व न्यायालयात लढून राखले. सॅन फ्रान्सिस्कोतील दुकानदार वैष्णोदास बगई यांना ते जमले नाही. नागरिकत्व गेल्यानंतर १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली आणि मागे ठेवलेल्या पत्रात त्याचे कारण लिहिले.

‘रिकाम्या हातांनी गेले’ हे विधान कोणत्या पिढीविषयी आहे, ते मजकुरात सांगितलेले नसते. रिकाम्या हातांनी गेलेल्या मजुरांवर १८८२ च्या कायद्याने चिन्यांपुरते, तर १९१७ च्या कायद्याने भारतासह आशियाच्या फार मोठ्या भागापुरते दार बंद केले. १९४६ साली भारतीयांना ते किलकिले झाले, तेही वर्षाला १०० जणांपुरते. आज आपण ज्यांच्याकडे बोट दाखवतो, ते डॉक्टर आणि अभियंते बहुतांशी १९६५ च्या कायद्यानंतर गेले. तो कायदा कुटुंबीयांबरोबर उच्चशिक्षितांनाही प्राधान्य देत होता आणि त्यांच्यापैकी अनेकांचे शिक्षण इथल्या सरकारी महाविद्यालयांत, इथल्या करदात्यांच्या पैशातून झालेले होते. त्यांचे कष्ट खरेच आहेत. पण गाळणीतून गाळून घेतलेल्या लोकांवरून अख्ख्या संस्कृतीचा गुण सिद्ध होत नाही. व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियातून युद्धाचे निर्वासित म्हणून आलेल्या कुटुंबांची गरिबी सर्व आशियाईंच्या एकत्रित सरासरीखाली झाकली जाते.

राहिला ‘कौतुकाने नुकसान होत नाही’ हा मुद्दा. मला तोच सर्वांत घातक वाटतो. चिकाटी, काटकसर आणि मुकाट्याने राबणे हेच गुण शंभर वर्षांपूर्वी आशियाई माणसावरचे आरोप होते. अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर या कामगार संघटनेने १९०२ साली मांस विरुद्ध भात अशा शीर्षकाची पुस्तिका काढून असे मांडले, की भात खाऊन थोडक्यात भागवणाऱ्या आशियाई मजुरापुढे अमेरिकन मजूर टिकणार नाही. १९४२ साली सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबले गेले, आणि त्यांतील जवळजवळ दोन तृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. जानेवारी १९६६ मध्ये समाजशास्त्रज्ञ विल्यम पीटरसन यांनी न्यूयॉर्क टाइम्सच्या नियतकालिकात त्याच जपानी समाजाची यशोगाथा लिहिली. ती वेळ कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीची होती आणि तुलनाही त्यांच्याशीच केलेली होती. माणसे तीच आणि गुणही तेच, फक्त त्यांचा उपयोग बदलला. अशी स्तुती देणाऱ्याच्या हातात राहते आणि त्याला हवी तेव्हा परत घेता येते.

डेट्रॉइटमध्ये मोटार उद्योग जपानी स्पर्धेने खचत असताना, जून १९८२ मध्ये व्हिन्सेंट चिन या चिनी वंशाच्या तरुणाला दोन गोऱ्यांनी बेसबॉलच्या बॅटने मारले आणि तो त्या जखमांनी मेला. तो जपानी नव्हता, पण मारणाऱ्यांच्या लेखी त्याने फरक पडत नव्हता. सुरुवातीच्या खटल्यात दोघांना तुरुंगाऐवजी तीन वर्षांची देखरेख (प्रोबेशन) आणि प्रत्येकी ३,००० डॉलर दंड एवढीच शिक्षा झाली.

‘हे सारे जुने झाले’ म्हणणाऱ्यांना १६ मार्च २०२१ रोजी अटलांटा परिसरात मारल्या गेलेल्या आठ जणांची आठवण द्यावी लागते. त्यांतील सहा आशियाई वंशाच्या स्त्रिया होत्या. आणि आपल्या अनेक नातेवाइकांच्या न्यू जर्सीतील एक प्रसंग तर आपल्या घरात सांगितला जायला हवा. १९८७ साली जर्सी सिटीत भारतीय स्त्रियांच्या कपाळावरच्या कुंकवावरून स्वतःचे नाव ठेवलेल्या एका टोळीने, भारतीयांना शहरातून हाकलण्यासाठी आम्ही कोणत्याही थराला जाऊ, असे पत्र स्थानिक वृत्तपत्राला पाठवले होते आणि फोनच्या वहीत पटेल हे आडनाव शोधून घरे निवडतो, असेही त्यात लिहिले होते. त्याच वर्षी शेजारच्या होबोकेनमध्ये नवरोज मोदी या पारशी तरुणाला मारहाण झाली आणि काही दिवसांत त्याचा मृत्यू झाला. तो उच्चशिक्षित होता आणि एका मोठ्या बँकेत व्यवस्थापक होता.