संपर्काच्या पानावरचा काळवंडलेला नकाशा

उपाशीपोटी रक्त द्यायला निघालेला माणूस लॅबच्या साइटवर ‘आमच्यापर्यंत कसे याल’ दाबतो तेव्हा त्याला फक्त दार सापडायला हवं असतं. काल पुण्यातल्या एका लॅबच्या साइटवर त्या जागी काळवंडलेला नकाशा होता. त्यावर पुन्हा पुन्हा छापलेलं ‘फॉर डेव्हलपमेंट पर्पजेस ओन्ली’. आणि मधोमध चौकट: हे पान गूगल मॅप्स नीट उघडू शकत नाही, ही वेबसाइट तुमची आहे का? अहो, नाही! तो पेशंट आहे! बिलिंगचा प्रश्न साइटच्या मालकाला विचारायचा, तो सकाळी सात वाजता रिक्षात बसलेल्या माणसाच्या तोंडावर का फेकता?

पत्ता अक्षरांत शोधावा तर तोही नाही. तो नकाशावरच्या खुणेला टिचकी मारली की उघडणाऱ्या फुग्यात ठेवलेला. खूणच दिसत नाही, मग फुगा कुठून उघडणार? फोन नंबर बॅनरच्या फोटोत, म्हणजे बोट ठेवून लावताही येत नाही.

हे का होतं ते साइट बनवण्याच्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे, म्हणून तर जास्त संताप येतो. २०१८ च्या मध्यापासून गूगलच्या जावास्क्रिप्ट नकाशाला (पानातल्या कोडने चालणाऱ्या नकाशाला) एपीआय की, म्हणजे गूगलकडून मिळणारा ओळखीचा संकेतांक, लागते आणि त्या कीमागे बिलिंग चालू असलेलं खातं लागतं. दोन्हींपैकी एक नसलं की हे पाणचिन्ह. साइट बनवणारे स्वतःच्या खात्यात की काढतात, स्वतःचं कार्ड लावतात, साइट सोपवतात आणि निघून जातात. पुढे कार्डाची मुदत संपते, किंवा ते जुना प्रोजेक्ट बंद करतात, आणि नकाशा मरतो. लॅबवाल्यांना खबरही नाही, कारण स्वतःच्या लॅबचा रस्ता कोण शोधतो?

मुळात एका दारावर एक खूण दाखवायला जावास्क्रिप्ट एपीआय लागतोच कशाला? संगणकाच्या ब्राउझरमध्ये गूगल मॅप्सवर जागा उघडा, ‘शेअर’ दाबा, ‘एम्बेड अ मॅप’ निवडा, एचटीएमएल कॉपी करा, पानात चिकटवा. झालं. एपीआय की नाही, कार्ड नाही, बिल नाही. कीवर चालणारा एम्बेड एपीआयसुद्धा फुकट आहे. पण थीममध्ये, म्हणजे साइटच्या तयार साच्यात, आयतं मॅप विजेट दिसलं की हात तिकडेच जातो.

आणि हे पाच टप्पेही धड करत नाहीत. ॲड्रेस बारमधली लिंक उचलून आयफ्रेममध्ये (पानात दुसरं पान दाखवणाऱ्या चौकटीत) घालतात आणि मग ‘रिफ्यूज्ड टू कनेक्ट’ आलं म्हणून होस्टिंगवाल्याशी भांडतात. गूगल ते पान दुसऱ्याच्या चौकटीत उघडूच देत नाही, एम्बेडचा पत्ता वेगळा असतो. शेअरची छोटी लिंकही तिथे चालत नाही. वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये तोच कोड साध्या परिच्छेदात चिकटवतात आणि पानावर कोडच अक्षरशः छापून येतो. कस्टम एचटीएमएलचा ब्लॉक घ्या ना! ऑथरच्या (फक्त लिहिणाऱ्याच्या) लॉगिनने सेव्ह केलं तर वर्डप्रेस आयफ्रेम गुपचूप काढून टाकतं, तेव्हा ॲडमिनच्या लॉगिनने करा.

रुंदी तर कुणी बदलतच नाही. कोडमध्ये ६०० बाय ४५० आलेलं असतं, ते तसंच. बहुतेक फोनच्या पडद्याची रुंदी ३६० ते ४३० पिक्सेल, मग नकाशा बाहेर सांडतो आणि अख्खं पान आडवं हलायला लागतं. रुंदी शंभर टक्के करा, उंची ३००-३५० ठेवा. एक ओळ आहे!

ज्यांना खरोखर जावास्क्रिप्ट नकाशा हवा, दहा शाखा दाखवायच्या आहेत, त्यांनी तो जरूर घ्यावा. पण मालकाच्या खात्यातून, मालकाच्या कार्डावर. कीला डोमेनचं बंधन घाला, म्हणजे ती फक्त तुमच्या साइटच्या पत्त्यावर चालेल, नाहीतर पानाच्या उघड्या कोडमधून ती कुणीही उचलेल आणि बिल तुम्हाला येईल. बंधन घालताना डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट आणि त्याशिवाय, दोन्ही पत्ते लिहा. अर्ध्या लोकांना नकाशा दिसतो आणि अर्ध्यांना ‘उप्स, समथिंग वेंट राँग’, असं झालं की आधी तिथेच बघा. ब्राउझरचा कन्सोल (चुकांची नोंद दाखवणारी खिडकी) उघडलात तर चूक नावासकट लिहिलेली असते: रेफरर नॉट अलाउड, बिलिंग नॉट एनेबल्ड, एपीआय नॉट ॲक्टिव्हेटेड. तो न उघडता ‘आमच्याकडे तर दिसतंय’ म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

लीफलेट (पानात नकाशा दाखवणारा फुकट कोड) आणि ओपनस्ट्रीटमॅप (लोकांनी मिळून केलेला खुला नकाशा) वापरणारे तरी शहाणे असावेत? नकाशाच्या डब्याला उंचीच देत नाहीत. उंची शून्य, नकाशा अदृश्य. लपलेल्या टॅबमध्ये नकाशा ठेवतात आणि टॅब उघडल्यावर कोपऱ्यातच चार तुकडे दिसतात. तिथे इनव्हॅलिडेटसाइज, म्हणजे नकाशाला आकार पुन्हा मोजायला लावणारी आज्ञा, बोलवावी लागते. ओपनस्ट्रीटमॅपचं श्रेय तर नजर चुकवून काढून टाकतात. लोकांनी गल्लीगल्ली फिरून फुकट नकाशा केला, त्यांचं नाव लिहायला तुम्हाला जागा नाही?

आणि अक्षांश-रेखांशांची अदलाबदल! लीफलेटला आणि गूगलला अक्षांश आधी लागतो, जिओजेसन या नकाशाच्या माहितीच्या फाइलप्रकाराला रेखांश आधी. पुणे साधारण १८.५२, ७३.८६. उलटं लिहिलंत की खूण जाते नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाच्या दक्षिणेच्या समुद्रात. निदान ही चूक डोळ्यांना दिसते. दोनच दशांश ठेवले तर खूण किलोमीटरच्या आसपास सरकू शकते आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. पाच दशांश ठेवा, साधारण मीटरभराचा फरक राहतो.

‘सदाशिव पेठ, अमुक मंगल कार्यालयामागे’ एवढं टाइप करून मिळालेली खूण तर कधीच वापरू नका. यंत्राला पत्ता नीट कळला नाही की ते पेठेच्या मध्यावर खूण टेकवून मोकळं होतं, उत्तरात ‘अप्रॉक्झिमेट’ असं सांगतंही, पण वाचतो कोण? फाटकावर उभं राहून खूण घ्या. गूगलच्या बिझनेस प्रोफाइलमध्ये पत्त्यासोबतची खूण ओढून हलवता येते. ती फाटकावर आणा, इमारतीच्या छपरावर नको. मागच्या गल्लीचा रस्ता जवळचा दिसला तर ॲप माणसाला बंद भिंतीपाशी नेऊन सोडतं, आणि गुडघे दुखणाऱ्या आजींना पूर्ण वळसा घालावा लागतो.

नकाशाखाली पूर्ण पत्ता अक्षरांत लिहा, पिनकोडसकट, कॉपी करता येईल असा. त्याखाली दिशा दाखवणारं बटण ठेवा, दाबलं की थेट फोनमधलं नकाशाचं ॲप उघडेल असं. फोन नंबरला टेलची लिंक द्या, म्हणजे बोट ठेवलं की फोन लागेल. आणि दर महिन्याला कुणीतरी, स्वतःच्या लॉगिनशिवाय, मोबाइल डेटावर, ते पान एकदा उघडून बघा.