मराठी मॅन्युअल आणि मार्कडाउन
मार्कडाउन म्हणजे साध्या मजकुरात खुणा घालून मांडणी करायची पद्धत. ‘ते दहा मिनिटांत येतं’ असं एका लेखात म्हटलंय; ते इंग्रजीपुरतं ठीक. आमच्याकडे नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत मशीनची मॅन्युअल मराठीत लागतात, तिथे खरी गंमत. शब्द तिरपा करायला _स्पिंडल_चा असं लिहा. प्रत्यय चिकटलेला, म्हणून कॉमनमार्क (मार्कडाउनची प्रमाणित नियमावली) तो तिरपा करतच नाही. अंडरस्कोरऐवजी (_) स्टार (*) घातला की चालतं! पायऱ्यांना १., २., ३. असे मराठी आकडे दिले तर यादी बनत नाही, सगळं एका परिच्छेदात गोळा. ऑपरेटरने वाचायचं काय, कपाळ? २००४ च्या मूळ मार्कडाउनमध्ये तक्ते नव्हतेच; गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळाच्या आवृत्तीत आहेत, पण शेजारचे सेल जोडून एक करता येत नाहीत. टॉर्कच्या तक्त्यांसाठी मी सरळ आस्कीडॉक ही अशीच दुसरी पद्धत वापरतो; तिथे सेल जोडता येतात. शिकायला जड, पण धोक्याच्या सूचनेची चौकटही आयती मिळते.