टिनला दोष देऊ नका, उन्हाला द्या

मागच्या महिन्यात पन्हाळ्याच्या पायथ्याला एका मित्राच्या शेतात तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा बेत होता. बिअर आणायला गाडी काढलेल्याला मागून हाक गेली, ‘‘टिन आणू नगंस रं, बाटल्याच आण! टिनला लोखंडाचा वास मारतोय.’’ मग ज्याच्या त्याच्या मोबाईलवर फिरणारा तो निरोप मोठ्यानं वाचून दाखवला गेला. त्यात पाच गोष्टी ठासून सांगितल्यात: टिनचा धातू बिअरमध्ये उतरतो, कंपन्या टिनमध्ये हलका माल भरतात, काचेत चव कायम टिकते, बिअरमध्ये घातलेलं ग्लिसरीन बाटली पाण्यात उलटी धरून काढता येतं पण टिनमधलं पोटात जातं, आणि शेवटी, पिणाऱ्याला फरक कळतोच, पुरावा कशाला?

मी शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या लॅबमध्ये काम करतो. धातू तपासणं हा रोजचा धंदा, आणि बिअर मला मनापासून आवडते. हा निरोप मला वेगवेगळ्या चार जणांनी पाठवला, म्हणून एकदा नीट लिहून काढतो.

धातूपासूनच सुरुवात करतो, कारण त्या भीतीच्या मुळाशी खरी गोष्ट आहे. बिअर आंबट असते, तिचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, साधारण ४ ते ४.५. ॲल्युमिनियमच्या उघड्या पातेल्यात आमसुलाचं सार रात्रभर ठेवलं तर सकाळी पातेलं आणि सार दोन्हीची कळा जाते, हे आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं हेही ठाऊक आहे. म्हणूनच आपल्या आज्या भांड्यांना कल्हई लावून घ्यायच्या. टिनलाही आतून तशीच कल्हई असते, फक्त ती कथलाची नसून पॉलिमरच्या पातळ लेपाची असते. बिअर टेकते ती या लेपाला, धातूला नाही. हा लेप काही अलीकडचा शोध नाही. डब्यातली बिअर पहिल्यांदा विकायला आली २४ जानेवारी १९३५ रोजी, अमेरिकेतल्या व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरात. बिअर न्यूअर्कच्या क्रूगर कंपनीची आणि डबा अमेरिकन कॅन कंपनीचा. तो डबा पोलादी होता, आणि त्यालाही आतून लेप होताच, कारण लेपाशिवाय बिअर बिघडते हे डबा करणाऱ्यांना आधीच कळलं होतं. ॲल्युमिनियमचा डबा नंतर आला, १९५९ साली, कूर्स कंपनीकडून.

आणि धातूचाच एवढा तिटकारा असेल तर पबमधल्या नळाच्या बिअरचं काय करायचं? ती सगळ्यात ताजी म्हणून लोक जादा पैसे मोजून पितात. ती स्टीलच्या पिंपातून येते. बाटलीतली बिअरसुद्धा बाटलीत शिरण्यापूर्वी कित्येक दिवस स्टीलच्या टाकीतच आंबलेली आणि मुरलेली असते.

मग लोकांना लागणारा तो वास कुठला? चवीचा मोठा हिस्सा नाकातून येतो. टिनला तोंड लावून पिताना नाक झाकणावर असतं, ओठ धातूच्या कडेवर असतात, आणि बिअरचा स्वतःचा वास त्या छोट्या भोकातून वर येतच नाही. तीच बिअर ग्लासात ओता, फेस येऊ द्या, मग वास घ्या. आमच्या शेतातल्या मंडळींपैकी टिनला नावं ठेवणारे सगळे टिनला तोंड लावून पिणारे होते आणि बाटली मात्र ग्लासात ओतून घेत होते. झाकण वरून धुऊन घ्यावं, हे मात्र मी स्वतः सांगेन. गोदामातली धूळ त्यावर बसते. बाटलीच्या तोंडालाही ती बसते.

लेपाबद्दल एक रास्त शंका आहे, ती लपवणार नाही. टिनच्या अनेक लेपांत बिस्फेनॉल-ए हे रसायन वापरलं जात आलं आहे, आणि युरोपीय संघानं डिसेंबर २०२४ मध्ये खाद्यपदार्थांना टेकणाऱ्या वस्तूंत त्याच्या वापरावर बंदीचा निर्णय घेतला. ज्याला ही काळजी वाटते त्याचं म्हणणं मी ऐकून घेईन. पण ती काळजी आरोग्याची झाली. ‘लोखंडाची चव’ हा दावा त्यानं सिद्ध होत नाही.

हलक्या मालाचा मुद्दा लवकर संपतो. एकाच टाकीतली तयार बिअर एका बाजूला बाटल्यांच्या लाइनवर जाते, दुसऱ्या बाजूला टिनच्या. टिनसाठी वेगळी पातळ बिअर शिजवायची तर वेगळी टाकी, वेगळी तपासणी आणि जास्त खर्च. नावाजलेल्या कंपनीनं आपल्याच नावाला बट्टा लावायला हा उद्योग कशाला करावा? एक गोष्ट मात्र खरी आहे. आपल्या देशात एकाच ब्रँडची बिअर वेगवेगळ्या राज्यांतल्या कारखान्यांत बनते. कोल्हापुरात घेतलेली बाटली आणि गोव्याहून येताना प्यायलेला टिन यांच्या चवीत फरक लागला तर त्याचं कारण कारखाना, पाणी किंवा भरल्याची तारीख असू शकतं.

आता काच. या मुद्द्यावर निरोप सगळ्यात जास्त चुकलाय, आणि नुकसानही इथेच सगळ्यात जास्त होतं.

बिअरला कडूपणा देतात हॉप्स, म्हणजे एका वेलीची फुलं. त्यांच्यातल्या कडू द्रव्यांवर प्रकाश पडला की बिअरमध्येच असलेल्या रायबोफ्लेविनच्या, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाच्या, मदतीनं ती तुटतात आणि गंधकाचं एक संयुग तयार होतं. त्याचा वास इतका उग्र की एका लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही अब्जांश, असलं तरी माणसाच्या नाकाला कळतं. अमेरिकेत त्याला स्कंक नावाच्या प्राण्याच्या वासाची उपमा देतात. आपल्याकडे ‘बिअर खवट झालीय’ म्हणून बाटली बाजूला सारतात. हे नेमकं कसं घडतं ते अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना आणि बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २००१ मध्ये उलगडून दाखवलं. तपकिरी काच हा घातक प्रकाश बराचसा अडवते, हिरवी थोडाच, पांढरी म्हणजे बिनरंगाची जवळजवळ नाहीच. कडक उन्हात पांढऱ्या बाटलीतली बिअर काही मिनिटांत बिघडू लागते. टिनमधून प्रकाशाचा एक किरणही आत जात नाही.

दुसरा शत्रू हवा. बाटलीचं पत्र्याचं दातेरी बूच विल्यम पेंटर या माणसानं बाल्टिमोरमध्ये शोधलं, त्याचं पेटंट १८९२ चं. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ टिकलेलं उत्तम काम आहे ते, माझ्यासारख्या धातूवाल्याला त्याचं कौतुकच वाटतं. पण बूच बसतं ते आतल्या मऊ चकतीवर, आणि त्या चकतीतून महिनोन् महिने थोडा थोडा ऑक्सिजन आत झिरपतो. जुन्या बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते ती यातूनच. टिनचं झाकण अंगाच्या पत्र्याबरोबर दुहेरी दुमडून दाबलेलं असतं. तिथून हवा शिरायला वाटच नसते म्हटलं तरी चालेल.

तिसरा शत्रू उष्णता, आणि ती काच-टिन असा भेद करत नाही. रासायनिक क्रियेचा ढोबळ हिशेब असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की वेग साधारण दुप्पट होतो. मराठवाड्यात वाळूजला भरलेली बिअर चारशेहून जास्त किलोमीटर ट्रकनं येऊन कोल्हापुरात आपल्या बिअर शॉपीत पोचते, आणि एप्रिल-मेमध्ये तो ट्रक दिवसभर उन्हात तापत येतो. पुढे काही दुकानांत क्रेट फुटपाथवर रचलेले असतात, अर्धा दिवस ऊन खात. राजारामपुरीत मी हे कित्येकदा पाहिलंय आणि प्रत्येक वेळी जीव हळहळतो. कुणीतरी एवढी निगुतीनं बिअर बनवली, आणि शेवटच्या चार फुटांत ती नासली. चव टिकवायची असेल तर दुकानदाराला भरल्याची तारीख दाखवायला सांगा आणि आतल्या अंधाऱ्या फ्रीजमधली बाटली मागा. टिन घेतला तर निदान प्रकाशाची काळजी मिटते.

ग्लिसरीनचा किस्सा आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलाय. पाण्यानं भरलेल्या ग्लासात थंड बाटली उलटी धरायची, तोंडातून पिवळसर धार तळाकडे उतरताना दिसते, आणि जाणता माणूस सांगतो, ‘‘बघ, ग्लिसरीन निघालं.’’ ती धार बिअरचीच असते. आंबवल्यावरही बिअरमध्ये थोडी न आंबलेली साखर आणि डेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चचे तुकडे, उरतात, त्यामुळे ती सहसा पाण्यापेक्षा किंचित जड असते. शिवाय ती फ्रीजमधली थंड आणि ग्लासातलं पाणी कोमट, म्हणून आणखी जड. जड द्रव खाली येतो, हलकं पाणी वर बाटलीत चढतं. खात्री करायची तर गुऱ्हाळावरून उसाचा रस आणा, बाटलीत भरून थंड करा आणि तसाच पाण्यात उलटा धरा. अशीच धार दिसेल. उसाच्या रसात कुणी ग्लिसरीन घालत नाही.

आंबवताना यीस्ट स्वतःच थोडं ग्लिसरीन तयार करतं, हे खरं. पण ते पाण्यात पूर्ण विरघळतं, वेगळं होऊन तोंडाशी गोळा होत नाही. तेव्हा या विधीनं ग्लिसरीन तेवढं काढता येत नाही. बाटलीत पाणी मात्र शिरतं. चांगली बिअर आपण आपल्याच हातानं पातळ करतो. दुसऱ्या दिवशी डोकं दुखतं ते मुख्यतः अल्कोहोलमुळे, आणि आपल्याकडच्या स्ट्राँग बिअरमध्ये ते ८ टक्क्यांपर्यंत असू शकतं.

राहिला ‘पिणाऱ्याला कळतंच’ हा मुद्दा. २०१६ मध्ये एडिनबराच्या विज्ञान महोत्सवात हेच तपासलं गेलं. एकाच खेपेत बनवलेली बिअर काहींना बाटलीतून दिली, काहींना टिनमधून, आणि बाटली पाहणाऱ्यांनी ती जास्त चांगली असल्याचं सांगितलं. मग तीच बिअर न दाखवता कपात ओतून दिली, तर फरक उरला नाही. लोक खोटं बोलत नव्हते. हातातलं वजन, काचेचा थंड स्पर्श, बूच उघडल्याचा आवाज, हे सगळं त्यांच्या चवीत मिसळलं होतं. मला ते सुख नाकारायचं नाही. बाटली आवडते म्हणून बाटली घ्यावी, मी स्वतः कधी कधी घेतो. फक्त त्यासाठी टिनवर खोटा आळ कशाला?

त्या रविवारी शेतात मी एकाच महिन्यात भरलेले दोन टिन आणि दोन बाटल्या शोधून आणायला लावल्या. चारही बर्फाच्या एकाच घमेल्यात तासभर पुरल्या. मग ज्यानं हाक मारली होती त्याला पाठमोरं बसवून तीन सारखे स्टीलचे पेले पुढे ठेवले, दोनांत एक आणि तिसऱ्यात दुसरी. वेगळा पेला कुठला, एवढंच ओळखायचं. बिअर बनवणारेही चव अशीच तपासतात. पहिल्या फेरीत त्यानं बरोबर ओळखलं आणि सगळ्या शेतात आरडाओरडा झाला. दुसऱ्या फेरीत चुकला. तिसऱ्या फेरीत बराच वेळ पेले हुंगत राहिला, आणि पुन्हा चुकला. तिनात एक तर नुसत्या अंदाजानंही बरोबर येतं, आणि तीन फेऱ्यांवरून कुणाचाच निकाल लागत नाही, हे मी त्याला सांगितलं. पुढच्या वेळी दहा फेऱ्या करू म्हणालाय, पण रश्श्याच्या आधी, जीभ कोरी असताना.