पाणी आल्यावर ग्रामसभा ओस का पडली?

कृष्णेचे पाणी उचलून आणणाऱ्या टेंभू योजनेचे पाणी आमच्या सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात आले, शिवार हिरवे झाले, याचा आनंद मला कुणाहून कमी नाही. परंतु त्याच काळात गावाच्या सामाईक जमिनीकडे आणि पाण्याकडे आम्ही शेतकऱ्यांनी पाठ फिरवली, याची मला मनापासून चिंता वाटते.

हे पाणी कुणी आपणहून दिलेले नाही. १९८२ च्या संपानंतर मुंबईहून गावी परतलेले गिरणी कामगार आणि रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणारे शेतकरी मुक्ती संघर्ष चळवळीत एकत्र आले. येरळा नदीतील वाळूचा बेसुमार उपसा थांबवा, अशी मागणी त्यांनी केली. आणि बलवडी व तांदूळवाडी या गावांनी त्याच नदीतील थोडी वाळू स्वतः विकून, श्रमदान करून बळीराजा स्मृती धरण उभे केले. पाणी जमिनीच्या प्रमाणात न वाटता कुटुंबागणिक वाटावे, भूमिहीनालाही त्यात हिस्सा असावा, हा विचार या मातीतला आहे. पुढे १९९३ पासून स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींच्या पाणी परिषदांना दुष्काळी तालुक्यांतून भाकरी बांधून माणसे येत होती.

आज ग्रामसभेला किती जण येतात? कायद्याने वर्षाला किमान चार सभा घ्याव्या लागतात आणि गणपूर्तीसाठी १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. तेवढीही होत नाही. सभा तहकूब होते, तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, मग पाच-दहा जणांत ठराव होतात आणि इतिवृत्ताची वही सह्यांसाठी घरोघर फिरते. सही करणारा वाचत नाही, आणि गायरानाचा तुकडा कोणत्या कामासाठी दिला हे त्याला पुढे यंत्र आल्यावर कळते.

ओढ्यांची गत याहून वाईट आहे. दरवर्षी नांगराचे एखादे तास पुढे सरकते, बांध ओढ्यात उतरतो, आणि मोठ्या पावसात तेच पाणी खालच्या शेतकऱ्याची माती घेऊन जाते. तक्रार करायची तर भावकी दुखावते, म्हणून सगळे गप्प राहतात. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश राज्यांना दिले. पण मोजणी मागणारा अर्जच गावातून गेला नाही, तर तो आदेश आमच्या ओढ्यापर्यंत पोहोचणार कसा?

कालव्याचे पाणी आपसात वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांचेही तेच. २००५ च्या कायद्याने संस्थेला घनमापन पद्धतीने, म्हणजे प्रत्यक्ष मोजून, पाण्याचा हक्क दिला, संचालक मंडळात कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्यांनाही जागा दिली. शेपटाला पाणी पोहोचत नाही ही ओरड मी नेहमी ऐकतो, तिच्यात तथ्यही आहे. मात्र मोजमापाची नोंद दाखवा, असे बैठकीत विचारणारे फार थोडे आहेत.

येत्या ग्रामसभेत गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणांची नोंदवही, सर्वांसमोर वाचून दाखवावी आणि ओढ्याची सरकारी मोजणी करून हद्दीचे दगड रोवावेत, असा लेखी अर्ज मी देणार आहे. मोजणीची सुरुवात माझ्या बांधापासून करावी, असेही त्यात लिहिले आहे. गावातील ज्यांना हे पटते, त्यांनी त्या अर्जावर सही करावी आणि सभेला स्वतः हजर राहावे.